व्हिनिअर लावण्याआधी जबड्याचा सांधा तपासायची खरंच गरज असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत लग्न आहे, वरच्या समोरच्या सहा दातांना व्हिनिअर (दातांवर पुढून चिकटवायचे सिरॅमिकचे पातळ पापुद्रे) करायचेत, आणि ऐरोलीतल्या डॉक्टरांनी कानाजवळचा ‘टक’ आवाज ऐकून आधी दोन महिने स्प्लिंट (दातांवर बसवायचं, काढता-घालता येणारं प्लास्टिकचं कवच) वापरायला सांगितलंय. हा पैसे काढायचा प्रकार तर नाही ना?

मी डॉक्टर नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका डेंटल लॅबमध्ये चौदा वर्षं सिरॅमिकचं काम करते. व्हिनिअर आमच्या हातून तोंडात जातात आणि तुटले की परत आमच्याच टेबलावर येतात. त्या परत आलेल्या केसेसवरून सांगते, तुमचे डॉक्टर मला तरी शहाणे वाटतात.

दोन वर्षांपूर्वीची एक केस. वरचे आठ व्हिनिअर, आणि डाव्या सुळ्याचं टोक तिसऱ्यांदा उडालेलं. आधी दोनदा आम्ही नवा करून दिला. डॉक्टरांनी आमच्या सिरॅमिकला नावं ठेवली, मी मनातल्या मनात त्यांच्या सिमेंटला. तिसऱ्या वेळी मी सुरुवातीची, व्हिनिअरच्या आधीची दातांची मॉडेलं शोधून काढली आणि वरचं-खालचं हातात धरून जुळवलं. सरळ मिटली तर काहीच वावगं नाही. मग खालचं मॉडेल तीन-चार मिलिमीटर डावीकडे सरकवलं, तर खालच्या सुळ्याचं घासून सपाट झालेलं टोक वरच्या सुळ्याच्या सपाट टोकावर असं बसलं की मधे कागद जाईना. ही त्या माणसाची रात्रीची वाट होती. झोपेत दात खायचा तो. आणि आम्ही काय केलं होतं? फोटोत छान दिसतो म्हणून त्याच वाटेवर टोकदार लांब सुळा उभा केला होता. दात आखूड का झाला हे कुणी विचारलंच नाही, लांबी तेवढी वाढवली. खुर्चीत बसवून बाइट पेपर (दात कुठे टेकतात ते दाखवणारा रंगीत कागद) चावायला दिला तर ही वाट दिसेलच असं नाही, कारण जागेपणी तो माणूस तिकडे जातच नव्हता.

आता तुमच्या ‘टक’बद्दल. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. सांधा आधी जागच्या जागी फिरतो, मग पुढे घसरतो. दारांच्या बिजागरीला हे जमत नाही, आणि आमच्याकडचे साधे आर्टिक्युलेटर (वरचं-खालचं मॉडेल बसवून जबड्यासारखी उघडझाप करून बघायची साधनं) बिजागरीसारखेच असतात, ती वेगळी रडकथा. सांध्याच्या दोन हाडांमध्ये एक चकती असते. ती जागेवरून सरकून परत बसते तेव्हा बहुतेक वेळा हा आवाज येतो. दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचार लागत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा की आवाजाशिवाय आणखी काय दिसलं. गालाचे स्नायू दाबल्यावर दुखले? दातांच्या कडा घासलेल्या आहेत? उत्तर ‘हो’ असेल तर स्प्लिंटला अर्थ आहे. ताठरलेले स्नायू जबडा एका ठरावीक जागी ओढून धरतात. ते सैलावले की दात वेगळ्या जागी टेकतात, फरक केसाएवढा का असेना. व्हिनिअरच मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, त्यामुळे केसाएवढाही फरक आम्हाला पुरतो. स्नायू ताठरलेले असतानाच्या बाइटवर, म्हणजे दातांच्या मिटणीवर, माप घेतलं तर मी कितीही जीव ओतून केलं तरी ते काम चुकीच्या जागेसाठीच होणार.

घरी बघण्यासारखं: सकाळी कानशिलं जड वाटतात का, जिभेच्या कडेला दातांच्या खुणा आहेत का. रात्री करकर आवाज येतो का हे आईला विचारा. (‘जंत झालेत’ म्हणाली तर दुर्लक्ष करा.) तोंडात आपलीच तीन बोटं उभी जायला हवीत. सुपारी-गुटख्याची सवय असेल आणि बोटं जात नसतील, तर व्हिनिअर राहू दे, आधी ते दाखवा. ते दुखणं सांध्याचं नसून गालाच्या आतलं अस्तर ताठर होण्याचं असू शकतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्याकडे येणारी मापं बघून तसं वाटत नाही.

उलट कुणी म्हणालं की ‘व्हिनिअर लावून बाइट बदलू, सांधा आपोआप बरा होईल’, तर तिथून उठा. तासलेलं इनॅमल परत येत नाही. शंका असेल तर नेरूळ-खारघर पट्ट्यात डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात, कॅप, व्हिनिअर बघणाऱ्या) विभागात दाखवून घ्या.

लग्नाची तारीख गाठायचीच असेल तर दात न तासता मॉक-अप करून मागा. मेणाच्या नमुन्यावरून तात्पुरतं प्लास्टिक दातांवर चढवतात. फोटोपुरतं काम होतं, आणि तुमची रात्रीची वाट कुठली हेही कळतं, कारण जिथे तुमचा जबडा जातो तिथेच ते आधी उडतं. खरे व्हिनिअर नंतर सावकाश करा. तेव्हाही रात्रीचा गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) लागू शकतो. त्यानं दात खाणं थांबत नाही, घासायचं ते गार्डवर घासलं जातं इतकंच.

आणि स्प्लिंट गरम पाण्यात टाकू नका. एका बाईंनी चहाच्या भांड्यात उकळलेलं आमच्याकडे आलं होतं, पार होडीसारखं वळलेलं.