अबोल मुलीला इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावावा का?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची असून बारावी कला शाखेत तिला 61 टक्के गुण मिळाले. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स करून ती गेल्या वर्षापासून सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे. नातेवाइकांना आम्ही ती नर्स आहे असेच सांगतो. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी 'हिचे कम्युनिकेशन सुधारायला हवे' असे सांगितले आहे. ती मुळात अबोल आहे. तेथील एका निवृत्त शिक्षिका आंघोळीला नकार देतात. इतर मावशी त्यांचे दहा मिनिटांत उरकतात, ही मात्र त्यांना 'बाई, बाई' म्हणत, साडी त्यांच्याकडूनच निवडून घेत पाऊण तास लावते. मध्यंतरी एका आजोबांच्या अंगावर लाल चट्टा दिसला, तो तिने दोन दिवस नीट कळवला नाही म्हणून बोलणी खाल्ली. सिस्टर घाईत होत्या, असे ती म्हणते. बावीस हजार रुपये भरून तिला इंग्रजी संभाषण आणि व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावावा आणि पुढे जर्मनीला पाठवावे, असा विचार आहे. ती यावर काहीच बोलत नाही. योग्य मार्ग सुचवावा. – एक पालक, तासगाव

उत्तर : गुण, फी आणि जर्मनी यांबद्दल मी सांगेनच, परंतु त्याआधी तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्याबद्दल बोलणे मला भाग आहे. नातेवाइकांना तुम्ही मुलगी नर्स असल्याचे सांगता. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मदतनीस आणि परिचारिका यांच्या कामाच्या सीमा वेगळ्या आहेत, आणि त्या पाळल्या जाव्यात यातच आश्रमातील वृद्धांचे हित असते. उद्या तुमच्याच ओळखीतले कोणी आपल्या आईला तेथे ठेवून 'ताई, तुम्ही नर्स आहात ना, मग इंजेक्शन तुम्हीच द्या' असे म्हणाले, तर त्या मुलीने काय करायचे? तुमचा हेतू तिची प्रतिष्ठा राखण्याचा असेल हे मला समजते. मात्र घरातच तिच्या कामाचे खरे नाव उच्चारले जात नसेल, तर त्या कामाबद्दल, त्यातल्या अडचणींबद्दल आणि तिच्या पुढच्या इच्छांबद्दल तिने घरात कोणाशी बोलावे अशी तुमची अपेक्षा आहे? तुम्ही तिला अबोल म्हणता. मला ती जपून राहणारी वाटते, आणि त्याला कारणही दिसते.

आता त्या पाऊण तासाकडे वळू. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिला आहे आणि मला तो तुमच्या पत्रातील सर्वांत आश्वासक मजकूर वाटतो. त्या शिक्षिकांना बहुधा स्मृतिभ्रंश असावा. भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडला गेला आहे. अशा व्यक्तीला आंघोळ घालणे हे मदतनिसाच्या दिवसातील फार अवघड काम असते, कारण परकी व्यक्ती आपले कपडे का काढते आहे हे त्या व्यक्तीला उमगत नाही, आणि मग ओरडणे, हात झटकणे, प्रसंगी मारणेही होते. 'चला हं, शहाण्या बाळासारखी आंघोळ करायची' अशा लाडिक, लहान मुलांशी बोलल्यासारख्या भाषेने हा विरोध वाढतो, असे अमेरिकेतील नर्सिंग होममधल्या, म्हणजे वृद्धांच्या निवासी देखभाल केंद्रांतल्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे माणूसपण हिरावून घेणाऱ्या वागणुकीची जी यादी केली, तिच्यात लहान मूल समजून वागवणे आहे, आणि त्या माणसाला झेपणार नाही इतक्या वेगाने उरकणेही आहे. ज्या दहा मिनिटांशी तुम्ही मुलीची तुलना करता, त्यात बहुधा या दोन्ही गोष्टी होत असाव्यात.

आयुष्यभर ज्यांना शाळेत आणि गावात 'बाई' म्हणून हाक मारली गेली, त्यांना कोणीतरी अचानक 'ए आजी' म्हटले तर ती हाक आपल्यासाठी आहे हेच त्यांना कदाचित जाणवत नसेल. तुमच्या मुलीने हे ओळखले. साडी त्यांना निवडायला लावून निदान एक निर्णय तिने त्यांच्या हाती ठेवला. यात तिने आणखी थोडी भर घालावी: प्रत्येक कृतीच्या आधी ती सांगावी ('बाई, आता पायावर पाणी घेते'), पाणी आधी त्यांच्या हातावर घालून कोमट आहे ना हे विचारावे, आणि अंगावर टॉवेल ठेवून एकेक भागच उघडा करावा. बाईंनी भर दुपारी 'शाळा सुटली का?' असे विचारले, तर 'तुम्ही निवृत्त झालात' असे सांगून त्यांना रोज नव्याने धक्का देऊ नये आणि खोटेही बोलू नये. 'बाई, कोणता वर्ग होता तुमच्याकडे?' एवढे विचारले तरी त्या पुष्कळ बोलतील. वेळ कमी करायचाच असेल, तर बाई ज्या वेळी शांत असतात ती वेळ आंघोळीसाठी निवडावी. हे ठरवणे व्यवस्थापकांच्या हाती आहे, आणि एका मदतनिसावर किती जणांची जबाबदारी दिली आहे, हेही त्यांनाच विचारायला हवे.

तुमचा मूळ गैरसमज असा आहे, आणि तो हजारो पालकांचा आहे, की संवादकौशल्य म्हणजे चारचौघांत न अडखळता आणि शक्यतो इंग्रजीत बोलता येणे. विमा विकणाऱ्याला त्याचा उपयोग होत असेल. वृद्धाश्रमातल्या मदतनिसाचे काम वेगळ्या गोष्टींवर उभे असते. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा बहुतेकांचे आधी उच्च स्वर जातात. त्यामुळे 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही. अशा वेळी ओरडल्याने शब्द आणखी विकृत होतो. समोर, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसून, आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवून सावकाश बोलावे लागते, आणि त्याआधी श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली नाही ना हे पाहावे लागते. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे त्यांना पुष्कळदा बोललेले बरेचसे समजत असते. त्यांना एका वेळी एकच, 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येईल असा प्रश्न विचारून थांबावे लागते, आणि ते वाक्य जुळवत असताना ते आपण पूर्ण करून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. थांबता येणे हे येथे मोठे कौशल्य आहे, आणि अबोल माणसाला ते बोलक्या माणसापेक्षा लवकर साधते. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममधील सहायकांसाठी किमान 75 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यांपैकी 16 तास रहिवाशांशी प्रत्यक्ष संबंध येण्याआधीच पूर्ण करावे लागतात, आणि त्या 16 तासांच्या विषयांत पहिलाच विषय संवाद आणि परस्परसंबंधांचा आहे. जपानने 2019 पासून विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर काळजीसेवेत येणाऱ्या परदेशी कामगारांसाठी सर्वसाधारण जपानीखेरीज काळजीसेवेच्या भाषेची स्वतंत्र परीक्षा ठेवली. तुम्ही ज्या वर्गाची माहितीपत्रिका सोबत जोडली आहे, त्यात स्वतःची ओळख करून देणे, गटचर्चा आणि मुलाखतीचा पोशाख असे धडे आहेत. तुमच्या मुलीला आज त्यांतल्या एकाचीही गरज नाही. ते बावीस हजार रुपये भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे असले, तरी व्यवस्थापकांचा शेरा निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तो बहुधा त्या लाल चट्ट्याबद्दल असावा, आणि तेथे मुलीची चूक गंभीर आहे. एकाच कुशीवर पडून राहणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर किंवा खुब्यावर दाबल्यानंतरही फिका न पडणारा लाल डाग दिसणे ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी असू शकते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेथे हात लावून तो भाग गरम किंवा टणक लागतो का हे पाहावे लागते. या टप्प्यावर कूस बदलण्याच्या वेळा पाळल्या आणि त्या जागेवरचा दाब काढला तर पुढचे बरेच टळते. दोन दिवस गेले तर जखम उघडी पडू शकते आणि मग ती भरायला महिने लागू शकतात. सिस्टर घाईत असणारच. त्यांच्या घाईतही पोहोचेल असे बोलणे मुलीने शिकले पाहिजे.

ती 'सिस्टर, आजोबांकडे जरा बघता का?' असे म्हणाली असावी, आणि सिस्टर 'हो, येते' म्हणून पुढे गेल्या असाव्यात. तिने असे म्हणायला हवे होते: 'सिस्टर, चार नंबरच्या आजोबांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे. दाबला तरी पांढरा होत नाही. काल संध्याकाळी नव्हता, आज सहाला कूस बदलताना दिसला. तुम्ही नाश्त्याच्या आधी बघाल का?' कोण, काय, केव्हापासून आणि तुमच्याकडून काय हवे, इतकेच त्यात आहे. रुग्णालयांत अशा निवेदनाची एक ठरलेली पद्धत आहे, तिला एसबीएआर (परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) म्हणतात. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आली, म्हणजे जेथे कनिष्ठाने वरिष्ठाला थोडक्यात पण नेमके सांगणे जिवावरचे असते अशा ठिकाणाहून. मुलीने ही चार वाक्ये घरी आरशासमोर म्हणण्यापेक्षा तुमच्यासमोर म्हणावीत. तुम्ही मुद्दाम घाईत असल्याचे दाखवा आणि तिला पुन्हा, न घाबरता सांगू द्या. सांगूनही कोणी आले नाही, तर वेळ टाकून नोंदवहीत लिहावे आणि व्यवस्थापकांकडे जावे. यात उद्धटपणा नाही, हे तिला तुम्हीच सांगितले पाहिजे, कारण मोठ्यांना उलटून बोलू नये हा धडा तिला बहुधा घरातूनच मिळाला आहे.

नोंद करतानाही तिने पाहिलेले लिहावे, लावलेला अर्थ लिहू नये. 'आजोबा चिडचिड करतात' या नोंदीने कोणाला काही कळत नाही. 'दुपारचे ताट दोनदा ढकलले, उजवा गाल धरून बसले होते' असे लिहिले तर सिस्टर तोंड उघडून दात पाहतील. पुण्याहून किंवा परदेशातून मुलाचा फोन आला आणि त्याने 'आई कशी आहे?' असे विचारले, तरी हाच नियम लागू होतो: आज आई किती जेवली, काय बोलली, हे आश्रमाने परवानगी दिली असल्यास मोकळेपणाने सांगावे, रक्तदाब, औषध आणि आजार यांविषयीचे प्रश्न सिस्टरकडे सोपवावेत.

पुढच्या शिक्षणाचे मार्ग तुम्हाला बहुधा ठाऊक आहेत: बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागते आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते, म्हणून तो रस्ता आज तिच्यासाठी बंद आहे. तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि दोन वर्षांचा एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) हे परिचर्येचे अभ्यासक्रम कला शाखेच्या विद्यार्थिनींसाठीही खुले आहेत, आणि जीएनएम नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. तिची इच्छा असेल तर मी जीएनएम सुचवेन, कारण आश्रमातील हा अनुभव तिला तेथे फार उपयोगी पडेल.

जर्मनीबद्दल थोडे कठोर लिहितो. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत जर्मनी असते. तेथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी साधारणपणे बी2 पातळीची, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाहून वरची, जर्मन भाषा लागते, म्हणजे मराठी मुलीला दीड-दोन वर्षांचा नेटाचा अभ्यास. त्या तयारीचा पहिला टप्पा म्हणून इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावणे निरर्थक आहे. आणि या मुलीला परदेशी जायचे आहे का, हा प्रश्न तुमच्या संपूर्ण पत्रात कोठेही विचारलेला नाही.

म्हणून माझी विनंती आहे की या आठवड्यात व्यवस्थापकांना भेटून 'कम्युनिकेशन' म्हणजे त्यांना नेमके काय सुधारायला हवे आहे, हे एखाद्या प्रसंगासह विचारून घ्या, आणि मुलगी सोबत असताना विचारा. तिला नेमणुकीचे पत्र, साप्ताहिक सुट्टी आणि रात्रपाळीनंतर विश्रांती मिळते का, हेही त्याच भेटीत पाहा. त्यानंतर तिला मला स्वतः पत्र लिहू द्या. त्यात आश्रमातले कोणते काम तिला आवडते, कोणते नकोसे वाटते आणि जीएनएमची तीन वर्षे तिला हवी आहेत की नाहीत, एवढे असले तरी मला पुरेल. ते पत्र तुम्ही आधी वाचून दुरुस्त करू नका.