बेळगाव भागातल्या कर्तबगार स्त्रिया म्हटलं की सगळे कित्तूरच्या राणी चन्नम्मांपाशीच थांबतात. साहित्यात, कलेत, जगण्यात आणखी कोण आहे?

लग्नानंतर तुम्ही पुण्याहून बेळगावला आलात. इथल्या स्त्रियांबद्दल कुणालाही विचारलं की तो चन्नम्मा सर्कलकडं बोट दाखवतो, आणि वाचावं, पाहावं असं दुसरं कुणी आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, आणि भरपूर आहे. माझं माहेर निपाणी, नोकरी आणि संसार बेळगावात. त्यामुळे उत्तर या दोन गावांकडं जरा झुकेल.

चन्नम्मांना मात्र घाईनं ओलांडून जाऊ नका. पुण्याहून येताना शहराच्या अलीकडं हायवेला काकती लागतं, ते त्यांचं माहेर. नवरा गेला, मुलगा गेला आणि घेतलेला दत्तक कंपनी सरकार मानायला तयार नाही, अशा वेळी त्या लढायला उभ्या राहिल्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या फौजेनं धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला लढाईत ठार केलं. १८५७ ला अजून तेहतीस वर्षं होती. इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, कित्तूर पडलं आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच त्या गेल्या. भाषेच्या वादामुळं आपल्या काही मराठी घरांत त्यांचं नाव परक्यासारखं घेतात, ते मला मुळीच पटत नाही. बेळवडीची मल्लम्मा तर थेट शिवाजी महाराजांच्या फौजेशी झुंजली, आणि तिचा महाराजांनी मान राखला ही आठवण मराठी आणि कानडी दोन्ही घरांत सांगतात.

पण तुम्ही साहित्याचं विचारलंय, म्हणजे इंदिरा संत. शाळेत त्यांची एखादी कविता तुम्हाला असणारच. त्या आपल्या भागातल्या. जन्म १९१४ चा, इंडीचा; बालपण निपाणीजवळच्या तवंदीत. लग्नानंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य बेळगावात. नवरा-बायको दोघंही कवी, आणि १९४० च्या सुमाराला दोघांच्या कवितांचं मिळून ‘सहवास’ हे एकच पुस्तक निघालं. १९४६ मध्ये नवरा, ना. मा. संत गेले. त्या वेळी इंदिराबाई बत्तिशीच्या, पदरी मुलं. त्या काळातल्या विधवेला घरानं आणि गावानं किती जागा ठेवलेली असायची, ते तुमच्या-माझ्या आज्यांना विचारलं तर कळेल. इंदिराबाईंनी इथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, पुढं तिथल्याच प्राचार्या झाल्या, घर चालवलं आणि लिहीत राहिल्या. १९५१ मध्ये ‘शेला’ आला. या वेळी मुखपृष्ठावर त्यांचं एकटीचं नाव होतं. मग ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ आणि १९८४ मध्ये ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी.

त्यांच्यावर बोलताना सगळे विरह, एकाकीपण, हुरहूर एवढ्यावर थांबतात. मला हे फार अपुरं वाटतं. दुःख त्यांच्या कवितेत आहेच, पण ती कवयित्री कुणाकडं कीव मागत नाही. स्वतःच्या मनाकडं ती इतक्या जवळून आणि इतक्या स्वच्छ नजरेनं बघते की वाचताना आपणच सावरून बसतो. नवऱ्याची आठवण येते हे बाईनं स्वतःच्या नावानं, छापून, देह-मन काही न लपवता सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात उभं राहून शिकवायचं, यात किती बळ लागत असेल! आणि हे पुण्या-मुंबईच्या साहित्यिक गोतावळ्यात बसून नव्हे, बेळगावात राहून. ‘मृगजळ’ आणि ‘रंगबावरी’ आधी वाचा. त्यानंतर ‘मालनगाथा’ घ्या. जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या ओव्या त्यांनी त्यात गोळा केल्या आहेत. भाऊ, माहेर, सासुरवास, पंढरी सगळं त्यात येतं, आणि रचणारीचं नाव कुठंच नसतं. माझ्या आजीच्या ओव्यांत तर पंढरीचा विठोबा आणि सौंदत्तीची यल्लम्मा एका दमात यायची. एवढा मान मिळालेल्या कवयित्रीनं या बिननावाच्या बायकांच्या रचनेवर कष्ट घ्यावेत, हे मला अकादमीच्या पुरस्काराहून मोठं वाटतं.

माधवी देसाई यांचं ‘नाच गं घुमा’ही वाचा. त्यांचं सासर कोवाड चंदगड तालुक्यात असलं तरी बाजाराला, दवाखान्याला माणसं येतात बेळगावलाच. रणजित देसाईंसारख्या नामवंत लेखकाच्या घरात बायको म्हणून नांदताना आपलं काय काय हरवत गेलं, ते त्यांनी उघड लिहिलं आणि त्याची किंमतही मोजली. २०१३ मध्ये त्या बेळगावातच गेल्या.

आता निपाणी. तंबाखूच्या वखारीत चाळायचं, निवडायचं काम बायकांचंच. माझी मावशी त्यातलीच एक. नाका-तोंडाला फडकं बांधलेलं, तरी घरी आली की आधी शिंकांवर शिंका. लुगडं कितीही धुतलं तरी वास जात नसे आणि नखांच्या कडा कायमच्या तांबूस झालेल्या. मजुरी तुटपुंजी, वर मुकादमाची अरेरावी. १९८० च्या आसपास याच बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या, मोर्चे काढले. मावशीला अक्षर ओळख नव्हती, पण वर्गणीची पावती ती रेशनकार्डात घालून ट्रंकेत जपून ठेवायची. मोर्चाला जाताना शेजारणीनं अडवलं तर म्हणाली होती, “मी काय कुणाच्या बापाचं खातो व्हय? माझ्या हातानं मिळवतो.”

या बायकांवर ‘युगांतर’ या गटानं १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा पंचवीसेक मिनिटांचा माहितीपट केला. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा गट. वखारीतली ती धूळ, कामाचा तो वेग आणि बायका स्वतःच्या बोलीत आपला संप सांगताहेत. कुणी शहाणा बाहेरून येऊन त्यांच्या वतीनं बोलत नाही. आपल्या भागातल्या कष्टकरी बाईचा आवाज इतका थेट मी दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत ऐकला नाही. आता त्याची डिजिटल प्रत झालेली आहे, शोधून बघाच.

सौंदत्तीचं सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं वाजवत गाणाऱ्या जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, तुम्हाला दिसतील. ते गाणं अंगावर काटा आणतं, पण त्यामागं लहान पोरींना देवीला सोडण्याची रीत होती, हे विसरून ऐकू नका. कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२ मध्ये कायदा झाला. कायद्यानं सगळं संपत नाही. पुढचं काम बायकांनी केलं. सीतव्वा जोडट्टी यांना स्वतःला बालपणी असंच सोडलेलं. त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या देवदासी बायकांची संघटना उभी करण्यात आयुष्य घातलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणलं. शेतकऱ्याची पोर.

आणि रोजचं जगणं बघायचं असेल तर सकाळची साधी बस धरा. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट माफ आहे. ‘बायका उगीच फिरत सुटल्यात’ असं बोलणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका. खानापूरकडनं भाजीची बुट्टी घेऊन येणारी, शिवणक्लासला जाणारी, आजारी आईला बघून संध्याकाळी परत येणारी, अशा सगळ्या त्या बसमध्ये असतात. आधी यातल्या निम्म्या जणींना घराबाहेर पाऊल टाकायला कुणाकडं तरी पैसे मागावे लागायचे, आणि मागितले की ‘कशाला’ हा प्रश्न यायचा. तो प्रश्न बंद झाला, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

तुमच्या आधारवर अजून पुण्याचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर कंडक्टर तिकिटाचे पैसे घेईल. पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हा. कित्तूरला ऑक्टोबरमध्ये उत्सवाच्या वेळी जा, आणि सौंदत्तीला पौर्णिमेची गर्दी टाळून एखाद्या आडवारी, म्हणजे जोगतिणींशी निवांत बोलता येईल. कानडी येत नसलं तरी अडणार नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी मराठी बोलतात.