पुतण्याला कॉम्बॅट इंजिनियर व्हायचंय, त्याबद्दल थोडं सविस्तर

दादा, पुतण्या सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, त्याने 'कॉम्बॅट इंजिनियर'चं मनावर घेतलंय, आणि तुम्हाला काम, धोका आणि पुढच्या पोटापाण्याची काळजी. मी पुण्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात, 28 वर्षं काढून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जमेल तसं सांगतो.

आधी 'इंजिनियर' या शब्दाचं भूत उतरवा. जवान म्हणून गेला तर त्याला सॅपर म्हणतात, आणि सॅपरच्या हातात नकाशाआधी फावडं येतं. आपल्या फौजेला वाट करून द्यायची, शत्रूची वाट अडवायची, एवढंच काम. पूल बांधा, पूल उडवा, सुरुंग पेरा, सुरुंग काढा, बंकर खणा. लढाई नसेल तेव्हा पूर, दरड, भूकंप. मुंबईच्या एल्फिन्स्टन स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीनंतर 2018 साली तिथला पादचारी पूल लष्करानेच उभा केला.

बेली ब्रिज, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभा करायचा पूल, त्याने एकदा जवळून पाहावा. त्याचं एक पॅनल (जाळीदार चौकट) दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा जण दांडे घालून उचलतात. एकाचं पाऊल चुकलं की सहाही जणांच्या कमरेला कळतं. पॅनलची भोकं जुळली की पिन घालून हातोड्याने ठोकायची, आणि रात्री उजेड न करता हे करायचं असेल तर भोक बोटाने चाचपायचं नाही, बोट जातं. (आमच्या उस्तादाचं, म्हणजे शिकवणाऱ्याचं, करंगळीचं पेर नव्हतं, त्यामुळे हा धडा त्याला वेगळा शिकवावा लागला नाही.) सगळा पूल या काठावरच जोडतात आणि रोलरवरून पुढे ढकलतात. पुलाच्या पुढच्या टोकाला हलका सांगाडा, म्हणजे नाक, लावलेलं असतं, ते पलीकडे टेकेपर्यंत कोणी बोलत नाही. 2024 मध्ये वायनाडला दरड कोसळल्यावर मद्रास सॅपर्सनी 190 फुटांचा असा पूल दीड दिवसाच्या आत उभा केला. त्यात पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या. घरात मुलगी असेल तर तिलाही हे सांगा.

आता धोका. 'ऑपरेशन पराक्रम'च्या वेळी, 2001-02 ला पाकिस्तान सीमेवर फौज उभी केली तेव्हा, पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले आणि नंतर तेच काढायला पुन्हा आम्हीच. सुरुंग दाब वरून पडला की फुटतो, म्हणून पोटावर झोपून प्रॉडर, म्हणजे जमीन चाचपायची लांब टोचणी, तिरका घालायचा, सुरुंगाच्या कुशीला लागला पाहिजे, डोक्यावर नाही. वाळवंटात वाळू सरकते, नोंदीत सुरुंग एकीकडे आणि जमिनीत भलतीकडे. सकाळभर काम करून मागे पाहिलं तर चहाची किटली ठेवलेली जागा अजून हाताशीच दिसायची. ज्याला घाई आहे त्याने इथे येऊ नये. माझ्या एका जोडीदाराचा पाय तिथे गेला. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेवढ्यावर सुटलो.

खडकीला भरती झालेल्या पोराला दोन नावं पाठ होतात. एक प्रेमिंद्रसिंग भगत, 1941 ला आफ्रिकेत सलग चार दिवस सुरुंग काढत गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरे कारवारकडचे राम राघोबा राणे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्याखालून सरपटत, दोरीच्या इशाऱ्यांनी चालकाला सांगत त्यांनी रणगाडा सुरुंगांतून पार नेला. परमवीरचक्र घेतलं तेही जिवंतपणी.

पुढचं रोखठोक. आता जवानाची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं, त्यानंतर चारातला एक जास्तीत जास्त कायम. बाकीच्यांना सेवानिधीचे, म्हणजे निघताना एकरकमी मिळणारे, साधारण पावणेबारा लाख, पेन्शन नाही. डिप्लोमावाल्याला टेक्निकलमध्ये वाढीव गुण मिळतात, म्हणून तो अर्धवट सोडू देऊ नका. डिग्री केली तर टीजीसीतून (इंजिनियर पदवीधरांसाठीची भरती) एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत, देऊन थेट अधिकारी होता येतं, मग पुण्यात दापोडीचं सीएमई, हे लष्कराचं इंजिनियरिंग कॉलेज. आणि वर्दीचं खूळ नसून फक्त लष्कराची बांधकामं करायची असतील, तर एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) ज्युनियर इंजिनियर परीक्षेतून एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्यात, जागा निघतात. घरी कोणी हा रस्ता सांगत नाही.

बाहेर आल्यावर माझा अनुभव फार गोड नाही. एका कंत्राटदाराने माझा ट्रेडचा (फौजेत शिकलेल्या कामाचा) कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "काका, सिक्युरिटीला बसाल का?" पूल बांधलेला माणूस गेटवर! दुसऱ्याने मात्र साइटवर नेऊन एक्सकॅव्हेटरवर बसवलं, अर्धा तास पाहिलं आणि सोमवारपासून या म्हणाला. तेव्हा पुतण्या गेलाच, तर मशीन चालवायचा किंवा वेल्डिंगचा ट्रेड मागून घे म्हणावं. मिळेलच असं नाही, पण मागायला लाजू नये.

आणि पोहायला येतं का त्याला? सॅपरचा निम्मा जन्म पाण्याच्या काठाला जातो. येत नसेल तर उन्हाळ्यातच शिकवा, सेंटरला शिकवतात पण तिथे शिकताना पाणी फार प्यावं लागतं.