कोल्हापुरात ओटी म्हणून पहिली नोकरी: हॉस्पिटल धरावं की मुलांचं सेंटर?

तुम्ही विचारलंय की बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे ओटीची पदवी) आणि इंटर्नशिप झाली, आता कोल्हापुरातच राहायचंय, तर सुरुवात हॉस्पिटलमध्ये करावी की मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये, आणि पगार किती मागावा.

हॉस्पिटल. पण तिथे तुम्हाला ओटीचं काम, म्हणजे पेशंटला त्याची रोजची कामं पुन्हा जमतील असं बघणं, करू देणार असतील तरच. माझी पहिली नोकरी याच मुद्द्यावर सुटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या रिहॅब विभागात मी लागले होते. मुलाखतीत ‘आम्हाला ओटीच हवी’ म्हणाले. रुजू झाल्यावर वाट्याला आलं ते आयएफटी (दुखण्यावर विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन) लावणं, गरम मेणाचा शेक देणं आणि पुढच्या पेशंटला हाक मारणं. विभागाचे वरिष्ठ मला म्हणाले, “ओटी काय नि फिजिओ काय, पेशंटला फरक कळत नाही. मशीनचं बिल होतं.”

त्याच काळात करवीर तालुक्यातले एक आबा पक्षाघातानंतर यायचे. उजवी बाजू गेलेली. चालायला लागले, जिना चढले, बार्थेलचा स्कोअर (रोजची कामं स्वतः किती जमतात याचे शंभरपैकी गुण) नव्वदच्या पुढे गेला. फाइलवर ‘गुड रिकव्हरी’ शेरा पडला, आता यायची गरज नाही असं ठरलं. मी आबांना विचारलं, घरी काय अडतंय? ते म्हणाले, “धार काढाय येईल का मला, तेवढं सांग बाई. म्हस सुनंच्या हाताला पान्हाच सोडंना झालीया.”

डेअरीला दूध घालणारं घर. दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलावर किराणा भरायचा. बार्थेलमध्ये दहा गोष्टी मोजतात, त्यांत धार नाही. मग या माणसाला बरं झालं म्हणायचं कशावरून?

मूठधार काढताना आधी अंगठा आणि तर्जनीनं सड वरून बंद करावा लागतो, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी क्रमानं मिटायची, आणि दर वेळी मूठ पूर्ण सोडायची. आबांची मूठ मिटायची, सुटायची नाही. मी ड्रेसिंगचा रबरी हातमोजा पाण्यानं भरला, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली, सलाईनच्या स्टँडला बांधला आणि खाली बादली ठेवली. सुरुवातीला सगळं पाणी दाबाबरोबर वर मोज्याच्या तळव्यात चढायचं, कारण अंगठ्याची पकड बसत नव्हती. ती बसली तेव्हा बादलीत पहिली चिळकांडी वाजली, आणि शेजारच्या बेडवरच्या मावशी आपला व्यायाम सोडून बघत बसल्या.

वरिष्ठ आले. “हॉस्पिटलात गोठा मांडलाय का? काढ ते.” मी नाही काढलं. सगळ्यांसमोर बोलाचाली झाली. ही ट्रीटमेंट आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पुढे माझं काँट्रॅक्ट वाढवलं नाही.

नंतर मी आबांच्या गोठ्यात जाऊन आले. उकिडवं बसणं जमत नव्हतं, म्हणून बुटकं स्टूल केलं होतं. डाव्या हातानं धार, उजव्यानं होईल तेवढी मदत. पान्हा त्यांच्या हाताला सुटायचा, मग उरलेली धार सून काढायची. उजवा हात पहिल्यासारखा झाला नाही. पण दूध डेअरीला जात होतं.

कमला निंबकर बाईंनी मुंबईत केईएमला भारतातलं पहिलं ओटी स्कूल काढलं ते १९५० मध्ये. आरोग्य व्यावसायिकांबद्दलच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन वेगळे गट आहेत. तरी ‘दोन्ही एकच’ म्हणणारे भेटणारच. त्यांच्यापुढे गप्प बसू नका. (फिजिओंवर माझा राग नाही. आबा चालले ते माझ्या फिजिओ मैत्रिणीच्या मेहनतीनं.)

हॉस्पिटल का म्हणते, तर आपल्या भागातले हात तिथे येतात. कडबाकुट्टीत गेलेली बोटं, इचलकरंजीच्या मागावरच्या जखमा, शिरोलीच्या कारखान्यांत प्रेसखाली सापडलेले पंजे. तुटलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जोडल्यावर हालचाल कधी सुरू करायची, किती करायची, हे सर्जनला रोज विचारल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) स्वतः कापायला आणि बसवायला शिका. विकतचा तयार स्प्लिंट चढवून पेशंट पाठवून देणं मला अजिबात मान्य नाही.

मुलांच्या सेंटरमध्ये जागा जास्त निघतात, हे खरंय. मी मुलांमध्ये काम केलेलं नाही, त्यामुळे तिथे शिकायला कमी मिळतं असं म्हणणार नाही. चांगली सीनियर ओटी असलेलं सेंटर आणि एकही ओटी नसलेलं हॉस्पिटल यांत निवडायची वेळ आली, तर सेंटर घ्या.

पगाराचा आकडा जागेप्रमाणे बदलतो, तो तिथल्या आधीच्या थेरपिस्टना फोन करून काढा. राज्य परिषदेची नोंदणी आधी करून घ्या. नेमणूक पत्रात नुसतं ‘थेरपिस्ट’ नको, ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ लिहून घ्या, आणि ड्युटीच्या वेळेत होम व्हिजिटला जाता येईल हेही. तोंडी ‘हो’ म्हणाले म्हणून सही करू नका.