डिस्चार्जच्या फाइलमागे चाल

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मिरजेतल्या शंभर खाटांच्या हॉस्पिटलात प्रशासनाच्या प्रशिक्षणासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं. 1894 पासून, वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून, हे गाव दवाखान्यांचं. कर्नाटकातून रेल्वेने आलेला पेशंट स्टेशनवर उतरतो तो इथल्या डॉक्टरांवर भरवसा ठेवूनच. त्यामुळे डॉक्टर चांगले मिळवण्याची चिंता तुला फारशी नाही. तुझं काम त्यांच्या राऊंडनंतर सुरू होतं.

पुस्तकातली नेतृत्वावरची प्रकरणं तूर्त बाजूला ठेव. पहिला महिना रोज दोन डिस्चार्जच्या फाइलींमागे चाल, सकाळच्या राऊंडपासून पेशंट रिक्षात बसेपर्यंत. वहीत पाच टप्प्यांची वेळ टिप: डॉक्टर ‘सोडा’ म्हणाले ती, समरी (डिस्चार्जचा गोषवारा) तयार झाली ती, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली ती, अंतिम बिल निघालं ती, आणि खाट पुसून पुढच्या पेशंटला दिली ती.

नातेवाईक भांडतात ते बिलिंगच्या खिडकीशी, कारण तिथे माणूस समोर दिसतो. उशीर मात्र बहुधा आधीच झालेला असतो. राऊंड संपली की निवासी डॉक्टर थेट ओटीत (ऑपरेशन थिएटरात) जातात आणि समरी दुपारपर्यंत पडून राहते. सिस्टर वॉर्डातली सगळी परतीची औषधं एकदमच पाठवतात, आणि त्यांची जमा पडल्याशिवाय बिल बंद करता येत नाही. मग दीड वाजता दहा फाइली एका टेबलावर येतात. तिथे आणखी एक माणूस बसवून काही होत नाही. तो दीडपर्यंत रिकामा बसेल.

उपाय आदल्या संध्याकाळचा आहे. संध्याकाळच्या राऊंडला आरएमओंनी (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) उद्या कोण सुटेल याची यादी विचारून घ्यायची. त्यांच्या समरीचा मसुदा रात्रीच करायचा, सकाळचे डोस ठेवून बाकीची औषधं परत करायची आणि तोवरचं बिल तपासून ठेवायचं. यादीतले दोघे-तिघे सकाळी ताप आल्याने राहतीलच. त्यावरून कुणी यादीची चेष्टा केली तरी ती बंद करू नकोस.

याचा हिशेब असा. दिवसाला 25 डिस्चार्ज आणि प्रत्येकाला चार तास उशीर, म्हणजे 100 खाट-तास. 24 ने भागलं तर चार खाटा रोज अडून राहतात, आणि खाली कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) पेशंट स्ट्रेचरवर थांबतो. नव्या खाटांचा प्रस्ताव कुणी मांडला तर आधी हा आकडा काढून बघ.

विम्याच्या पेशंटला अंतिम मंजुरी विनंतीपासून तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये ठरवून दिलं. पण विनंती आपणच दोनला पाठवली तर पाच वाजणारच. सरकारी आरोग्य योजनेतल्या पेशंटची अडचण वेगळी. तिथे क्लेम परत येतो तो कागद अपुरे म्हणून, किंवा रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून. हे भरतीच्या वेळीच आरोग्यमित्राबरोबर (योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाबरोबर) बसून बघायचं. कर्नाटकातल्या अथणी-चिक्कोडीकडचा पेशंट असेल तर कार्ड कुठल्या राज्याचं, हा प्रश्न पहिला.

वहीतल्या वेळा डॉक्टरांच्या बैठकीत नावं घेऊन वाचू नकोस. वेळा खऱ्या असल्या तरी त्या दिवसापासून तुला कुणी खरं सांगणार नाही. आधी इन्चार्ज सिस्टरांना दाखव. कुठली अडचण माणसाची आणि कुठली पद्धतीची, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. वॉर्डातल्या मावशींनाही विचार. खाट पुसायला उशीर का होतो, याचं उत्तर पुष्कळदा धुतलेल्या चादरी वेळेवर न येण्यात असतं.

स्टोअरबद्दल थोडक्यात. रोज सलाइनचे 40 आयव्ही सेट लागतात, माल यायला पाच दिवस आणि राखीव दोन दिवसांचा, तर 280 उरले की ऑर्डर गेली पाहिजे. पावसाळ्यात हा आकडा चालत नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता. म्हणून जुलै ते सप्टेंबर राखीव साठा सात दिवसांचा धर. मग ऑर्डरची पातळी 480 होते. मुदत आधी संपणारा माल पुढे लावायचा, हे सांगायला नकोच, पण रॅकवर जाऊन स्वतः बघ.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की 40 ची वाट न बघता ऑक्सिजन मोज. सात घनमीटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला 10 लिटर घेणाऱ्या एका पेशंटला साडेअकरा तास पुरतो. असे सहा पेशंट असतील तर दिवसाला साधारण तेरा सिलिंडर लागतात. मिरज उंचावर असली तरी भरलेले सिलिंडर आणि डिझेल कुठल्या रस्त्याने येतं, ते आत्ताच विचारून ठेव. जनरेटर तळघरात असेल तर तो वर घेण्याचा प्रस्ताव उन्हाळ्यातच दे. जूननंतर त्या कामाला कंत्राटदार मिळत नाही.

कळावे.