अमेरिकन रॅपर ५० सेंटचा पहिलाच अल्बम एवढा कसा खपला? गाणी भारी होती, की नऊ गोळ्या खाऊन वाचल्याची कहाणी विकली गेली? आणि त्यातून त्याला खरंच किती सुटलं असेल?

कहाणी विकली गेली हे खोटं नाही, पण नुसत्या कहाणीवर चार दिवसांत पावणेनऊ लाख सीड्या जात नसतात. माझ्या मते हा अल्बम कॉपीवाल्यांनी मोठा केला. मी स्वतः कॉपीवाला होतो, म्हणून बोलतोय. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे माझं मोबाइलचं दुकान आहे. आता रिचार्ज आणि कव्हरवर चालतं, पण जिओ येण्याआधी खरा धंदा मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा होता. लाइन असेल तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवर कार्ड लावायचं, गेली की पोट्टे बाहेर बाकावर बसून वाट पाहायचे.

आधी आकडे. 'गेट रिच ऑर डाय ट्रायिन' अमेरिकेत ६ फेब्रुवारी २००३ ला निघाला. ठरलेली तारीख होती ११, मंगळवार. तिकडे तेव्हा नवे अल्बम मंगळवारीच दुकानात यायचे. पण माल आधीच फुटला, रस्त्यावर नकली सीड्या विकायला लागल्या, म्हणून कंपनीने घाईघाईने गुरुवारीच अल्बम बाजारात आणला. विक्रीचा आठवडा रविवारी संपायचा. म्हणजे पहिल्या आठवड्याचा म्हणून जो ८ लाख ७२ हजारांचा आकडा सांगतात, तो चारच दिवसांचा आहे. बिलबोर्डवर, म्हणजे तिकडच्या खपाच्या यादीत, थेट पहिला नंबर. दुसऱ्या आठवड्यातही आकडा आठ लाखांच्या वर, आणि मला विचाराल तर खरी कमाल ती. पहिल्या आठवड्यात उत्सुकतेने लोक घेतात, पण दुसऱ्या आठवड्यात घेणाऱ्याने शेजाऱ्याकडे ऐकलेलं असतं. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच.

आता गोळ्यांचं. लोक सांगताना क्रम उलटा करतात. हा त्याचा मोठ्या कंपनीकडचा पहिला प्रयत्न नव्हताच. त्याआधी तो कोलंबिया रेकॉर्ड्सकडे होता, 'पॉवर ऑफ द डॉलर' नावाचा अल्बम तयारही होता. मे २००० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, आजीच्या घरासमोर, त्याच्यावर नऊ गोळ्या झाडल्या गेल्या. माणूस वाचला, पण कंपनीने हात वर केले आणि अल्बम निघालाच नाही. म्हणजे जी कहाणी पुढे पोस्टरवर मिरवली, तिनेच आधी त्याचं दार बंद केलं होतं. गोळ्या त्याच, माणूस तोच. मग मधल्या दोन-अडीच वर्षांत बदललं काय?

मिक्सटेप. कंपन्या जवळ करत नव्हत्या, तर याने दुसऱ्यांच्या चालू हिट गाण्यांचं संगीत उचललं, त्यावर आपले शब्द टाकले आणि माल रस्त्यावर सोडून दिला. परवानगी नाही, दुकान नाही, जाहिरात नाही. फुटपाथवर सीड्या विकणारे पोट्टे स्वतःच्या पैशाने कॉप्या काढून विकायचे. त्यातून त्याला काय मिळत असेल ते असो, पण न्यूयॉर्कच्या गल्लीगल्लीत आवाज पोचला. लोकांना चाल आधीच पाठ असायची, नवं फक्त त्याचं बोलणं. आपल्याकडे भीमगीतं आणि कव्वाल्यांचे पार्टीवाले गाजलेल्या सिनेगीतांच्या चालीवर नवे शब्द बांधतात, त्यामागची अक्कल हीच आहे.

२००२ मधली 'गेस हूज बॅक' ही त्याची सीडी वकिलामार्फत एमिनेमच्या, म्हणजे तेव्हाच्या बड्या रॅपरच्या, माणसांपर्यंत गेली. एमिनेमने त्याला लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं, संगीत बनवणाऱ्या डॉक्टर ड्रेशी गाठ घालून दिली आणि दहा लाख डॉलरचा करार झाला. त्याच वर्षी 'एट माइल' सिनेमाच्या साउंडट्रॅकवर त्याचं एक गाणं लागलं आणि रस्त्यावरचा आवाज देशभर गेला. अल्बम दुकानात आला तोवर गिऱ्हाईक तयार होतं, माल तेवढा बाकी होता. आणि गंमत पाहा, ज्या नकली सीडीवाल्यांनी याला उभं केलं, त्यांच्याच धाकाने कंपनीला तारीख पाच दिवस अलीकडे घ्यावी लागली.

ड्रेचं नाव हलक्यात घेऊ नका. १९९३ साली स्नूप डॉगचा पहिला अल्बम पहिल्याच आठवड्यात आठ लाखांवर गेला होता, त्यालाही संगीत ड्रेचंच आणि ५० सेंटच्या अल्बममागे होती ती इंटरस्कोप कंपनीही तिथे मागे होतीच. 'इन दा क्लब'ची चाल म्हणे आधी एमिनेमच्या डी-१२ या रॅप ग्रुपसाठी होती, त्यांनी घेतली नाही. ते गाणं बिलबोर्डवर नऊ आठवडे एक नंबरला राहिलं. माझ्या दुकानात तर त्याने वर्षानुवर्षं धंदा दिला. इंग्रजीचा गंध नसलेले पोट्टे यायचे. "भाऊ, थे पन्नास पैशेवाल्याचं बड्डेचं गानं टाकून दे न." सुरुवातीलाच बर्थडे म्हटलेलं, मग काय! चौकात गाडीच्या सीटवर केक ठेवायचा, तलवारीने कापायचा, मागे फ्लेक्सवर भाऊ गॉगल लावून उभे आणि चायना मोबाइलवर हे गाणं फुल आवाजात. बाकीच्या गाण्यात काय चाललंय ते एकालाही माहीत नव्हतं, आणि ते बरंच होतं. बर्थडे कोणाचा ना कोणाचा रोजच असतो, म्हणून असलं गाणं शिळं होत नाही. पार बारशापर्यंत वाजलं आमच्याकडे.

या सगळ्यातलं एकही कार्ड त्या आकड्यांत नाही, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेत १९९१ पासून विक्री बारकोडवरून मोजतात. दुकानाच्या मशीनवर सीडीचा बारकोड वाजला तरच ती खपली. २०२० साली या अल्बमला नऊ वेळा प्लॅटिनम मिळालं, म्हणजे ९० लाख, त्यात आता स्ट्रीमिंगही धरतात. आर्णीच्या पोट्ट्यांनी ऐकलं ते कुठेच लागलं नाही.

किती सुटलं, या प्रश्नाचं उत्तर कापूस पिकवणाऱ्याला लवकर कळेल. कंपनी जी रक्कम आधी देते ती बक्षीस नसते, अडत्याची उचल असते. माल बाजारात आला की आधी उचल वळती होते, मग स्टुडिओचा खर्च, व्हिडिओच्या खर्चातला वाटा, आणि हे सगळं गायकाच्या हिश्शातून कापतात, कंपनीच्या नाही. त्यानंतर उरला तर चुकारा. फरक एवढाच की इथे उचल फिटली नाही तर सहसा घरावर जप्ती येत नाही, पुढच्या अल्बममधून कापतात. साठ-पासष्ट लाख प्रती एका वर्षात गेल्या की उचल कुठल्या कुठे फिटते, त्यामुळे याच्या हातात पैसा आला यात शंका नाही. बहुतेक रॅपर तिथवर पोचतच नाहीत. नासचा 'इलमॅटिक' घ्या. १९९४ चा, आज लोक त्याला डोक्यावर घेतात, पण पहिल्या आठवड्यात साठेक हजारच गेला होता.

शिवाय ५० सेंटचा मोठा पैसा गाण्यांतून आलाच नाही. एका पाण्याच्या ब्रँडमध्ये, व्हिटॅमिनवॉटरमध्ये, त्याने हिस्सा घेतला होता. २००७ साली कोका-कोलाने ती कंपनी ४.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी त्याने पैज लावली होती की कान्ये वेस्ट या दुसऱ्या रॅपरचा अल्बम आपल्यापेक्षा जास्त खपला तर सोलो अल्बम बंद. कान्ये जिंकला, आणि याने अल्बम काही बंद केले नाहीत. पुढे २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्जही केला. पैसा येणं आणि टिकणं हा वेगळा विषय, त्यावर दुसरा प्रश्न विचारा.

ऐकायचं असेल तर आधी 'गेस हूज बॅक' ऐका, मग अल्बम. म्हणजे आवाज तोच असून संगीत कुठल्या कुठे गेलं ते कळेल. 'मेनी मेन' सोडू नका, गोळ्यांची कहाणी खरी तिथे आहे. आणि हेडफोन लावून ऐका राजेहो, शिव्या मोप आहेत. घरच्यांना इंग्रजी येत नाही या भरवशावर राहू नका, हल्ली नातवंडं सांगतात अर्थ.