काट्याचं वजन मागा

प्रश्न : आमच्या गावावरून उसाच्या बैलगाड्या कारखान्याला जातात. परवा चढावर एक बैल गुडघ्यांवर बसला, तरी गाडीवान पराणी टोचतच होता. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड म्हणे १० ते ५० रुपये! अशा कायद्यासाठी पत्र लिहून काय उपयोग? आणि लिहायचं कुणाला?
– एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, जरूर लिहा. सरकारी दवाखान्यात २९ वर्षं गळिताच्या हंगामात मी हेच बैल तपासले. जुवाखाली खांदा सुजून आलेला, हात लावायच्या आधीच जनावर अंग चोरायचं. मी मलम लावायचो आणि दुसऱ्या पहाटे तोच बैल त्याच जुवाखाली. माझ्या औषधाने हे थांबणारं नव्हतं.

तो दंड प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला, १९६० सालचा आहे. तो कायदा झाला त्यामागेही नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेलं खासगी विधेयक होतं. २०२२च्या नोव्हेंबरात केंद्राने शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांची मतं मागवली, तेव्हा मीही लिहिलं होतं. तुमच्या खासदारांना लिहा, दंड वाढवणारी दुरुस्ती संसदेत मांडा म्हणून.

दुसरं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे नियम आहेत. टोकदार पराणीला बंदी, दिवसाला ९ तासांवर काम नाही, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही, वजनालाही मर्यादा. आणि उसाच्या गाडीचं वजन कारखान्याच्या वजनकाट्यावर होतंच, पावतीही निघते. म्हणजे पुरावा कारखान्याच्याच दप्तरात आहे. तुम्ही एवढंच मागा : काट्याच्या नोंदी नियमाशी ताडून बघा.

गाडीवानाचं नाव मात्र घालू नका. त्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टनावर पैसे मिळतात, म्हणून तो गाडी शिगोशीग भरतो. पराणी टोचणं चूकच, पण त्या एकट्याला धरून बैलाचं ओझं हलकं होणार नाही.

छापील नमुना उतरवू नका. तारीख, वेळ, चढाचं ठिकाण, बैल किती वेळ खाली होता, हे तुमच्या शब्दांत लिहा. आवक-जावकमध्ये पत्र द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर त्या पोचेची प्रत जोडून स्मरणपत्र द्या.